‘चेक इंजिन’ दिव्याचा इतिहास : हवेचा कायदा, रिच मिश्रण आणि घरगुती निदान

प्रस्तावना

मोटारीच्या दर्शनी फलकावर पिवळसर रंगाचा, इंजिनाच्या आकृतीचा एक लहान दिवा असतो. तो लागला की वाहनधारक गोंधळतो. गाडी चालत असते, आवाजही फारसा बदललेला नसतो. परंतु दिवा विझत नाही. आज असा वाहनधारक काडेपेटीएवढे एक उपकरण सुकाणूखालच्या जोडात बसवतो आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘पी-०१७२’ असा संकेतांक वाचतो. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळते आहे, म्हणजेच मिश्रण ‘रिच’ झाले आहे, असा या संकेतांकाचा अर्थ आहे.

ही सोय तंत्रज्ञानाच्या स्वाभाविक प्रगतीतून आपोआप मिळाली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. हा दिवा वाहनधारकाच्या सोयीसाठी सक्तीचा झाला नाही. तो शहरांच्या हवेसाठी झाला. त्यामागील संकेतांक सर्वांना वाचता यावा, हेही कायद्याने ठरवले. प्रस्तुत लेखात या घडामोडींचा कॅलिफोर्निया आणि अमेरिकेच्या संदर्भात मागोवा घेतला असून, अखेरीस भारतातील स्थितीचा विचार केला आहे. संकेतांक हे एक ऐतिहासिक साधनच आहे आणि कोणत्याही साधनाप्रमाणे त्याचीही चिकित्सा करावी लागते, ही या लेखाची मुख्य भूमिका आहे.

धुरक्याचे शहर

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरके उतरले. महायुद्धाचा काळ असल्याने हा जपानी वायुहल्ला असावा, अशी शंका काहींना आली. पुढे संशय कारखान्यांवर गेला. खरे कारण शोधण्याचे श्रेय एरी यान हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते अननसाच्या स्वादाचे रासायनिक विश्लेषण करीत होते; तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणारे हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. हवेतील ओझोनचा अंदाज घेण्यासाठी ते ताणलेल्या रबराला पडणाऱ्या चिरा पाहत असत.

या निष्कर्षाला विरोध झाला, तो होणारच होता. कारण आरोपी आता कारखान्याची चिमणी राहिली नव्हती, नागरिकाच्या दारातील गाडी झाली होती. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळ स्थापन करण्याचा कायदा झाला आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्यावर स्वाक्षरी केली. नव्या गाड्यांतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे उत्सर्जन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करावे, असे या कायद्याने फर्मावले. मुदती पुढे लांबल्या. दिशा मात्र बदलली नाही.

रिच मिश्रण : सवयीपासून दोषापर्यंत

येथे इंजिनाच्या आहाराकडे वळणे आवश्यक आहे. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा यापेक्षा कमी असेल तर मिश्रण रिच, जास्त असेल तर लीन. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण बारीक छिद्रांच्या जेटवर, तरंगत्या फ्लोटवर आणि एका स्क्रूवर अवलंबून असे. थंडीत सकाळी चोक ओढला की हवा अडत असे आणि मिश्रण मुद्दाम रिच केले जात असे. चढावर पूर्ण ताकद हवी असतानाही थोडे रिच मिश्रण उपकारक ठरे. त्यामुळे रिच मिश्रण ही एक जुळवणी होती. ती चालकाच्या सवयीप्रमाणे, गावाच्या उंचीप्रमाणे आणि मिस्त्रीच्या हाताप्रमाणे बदलत असे.

तिचे निदान इंद्रियांनी होई. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली, कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी असो किंवा १९८३ साली अवतरलेली मारुती ८०० असो, गॅरेजमधला मिस्त्री प्रथम स्पार्क प्लग काढून पाही. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, पांढरट असेल तर लीन, काजळी धरलेले काळे असेल तर रिच. सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर, पेट्रोलचा वास, अडखळणारे पिकअप, घटलेले अ‍ॅव्हरेज ही पूरक लक्षणे होत. हे ज्ञान पुस्तकात क्वचितच उतरले. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जात असे, आणि त्याची लिखित साधने जवळपास नसल्याने इतिहासकारांचेही त्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

स्वच्छ हवा कायद्याने या जुळवणीचे स्वरूप बदलले. १९७५ च्या मॉडेलांपासून अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आले. त्यानंतरचा त्रिगुणी कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींवर एकाच वेळी काम करतो. पण त्याची एक अट असते. मिश्रण १४.७ च्या अगदी निकट राहिले पाहिजे. ते रिच झाले तर पहिले दोन वायू जाळण्यास ऑक्सिजन उरत नाही, लीन झाले तर तिसऱ्याचे विघटन होत नाही. एवढी अचूकता कार्ब्युरेटरच्या स्क्रूने साधणे शक्य नव्हते. जे मिश्रण कालपर्यंत मिस्त्रीची पसंती होती, ते आता कायद्याच्या लेखी दोष ठरले. निदानाच्या इतिहासातील हा निर्णायक बदल म्हटला पाहिजे. पुढील सारी उपकरणे त्यातून निघाली.

संवेदक आणि कागदाची टाचणी

ही अचूकता बॉश कंपनीच्या लॅम्डा सेन्सरने शक्य केली. १९७६ पासून व्होल्वोने अमेरिकेसाठीच्या गाड्यांत तो बसवला. झिर्कोनियाचा हा सेन्सर धुराच्या नळीत असतो आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर नीट काम करू लागतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर तो सुमारे ०.९ व्होल्ट दाब देतो. ऑक्सिजन उरला असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. नियंत्रक संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमी-अधिक करीत राहतो. प्लगचा रंग वाचणाऱ्या मिस्त्रीचे काम आता सेन्सर क्षणोक्षणी करू लागला.

सेन्सर बिघडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वयंनिदान आले. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये अमेरिकेतील आपल्या मोटारींत संगणकीय नियंत्रण सरसकट आणले व त्यासोबत ‘चेक इंजिन’ दिवाही दिला. डॅशबोर्डखालील जोडातील दोन ठरावीक टोके वाकवलेल्या टाचणीने जोडून, इंजिन चालू न करता केवळ किल्ली फिरवली की दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, विराम, मग दोन लुकलुकी म्हणजे १२. निदानयंत्रणा शाबूत असल्याची ही खूण. त्यानंतर साठवलेले दोष येत. ४४ म्हणजे धूर लीन, ४५ म्हणजे धूर रिच. घराच्या आवारात, टाचणी आणि पेन्सिल घेऊन, सामान्य माणूस इंजिनाच्या संगणकाशी बोलू लागला, याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण होय.

परंतु ही सोय उत्पादकाने दिली होती आणि तो ती काढूनही घेऊ शकत होता. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, अंक वेगळे, वाचण्याची पद्धत वेगळी. फोक्सवॅगनने १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच आपल्या गाड्यांत निदानासाठी खास जोड बसवला होता. पण त्याला लागणारे यंत्र कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच असे.

कायद्याने उघडलेला जोड

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळापुढे एक व्यावहारिक अडचण होती. कारखान्यातून बाहेर पडताना गाडी स्वच्छ असते. पाच-सात वर्षांनी तिचा सेन्सर सुस्त होतो, इंजेक्टर गळू लागतो आणि मालकाला ते कळतही नाही. म्हणून मंडळाने १९८५ मध्ये नियम केला आणि १९८८ च्या मॉडेलांपासून स्वयंनिदान व इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. ही ओबीडीची पहिली अवस्था. तिच्यात संकेतांकांचे प्रमाणीकरण नव्हते. १९८९ मध्ये मंडळाने दुसऱ्या अवस्थेचे नियम स्वीकारले. १९९० च्या सुधारित स्वच्छ हवा कायद्याने हा विषय संघराज्याच्या पातळीवर नेला आणि १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला.

या सुधारणेतील एक तरतूद मोटारींच्या इतिहासात पुरेशी गाजलेली नाही, हे नवल आहे. प्रदूषण-निदानाची माहिती कोणत्याही खास सांकेतिक किल्लीशिवाय किंवा एकाच उत्पादकाकडे मिळणाऱ्या यंत्राशिवाय वाचता आली पाहिजे, असे कायद्याने बजावले. दुरुस्तीसाठी लागणारी माहिती स्वतंत्र गॅरेजांना पुरवणेही बंधनकारक केले. त्यामागे ग्राहकप्रेमापेक्षा साधा हिशेब होता. लक्षावधी गाड्या जर प्रदूषण करीत असतील, तर त्या दुरुस्त करण्यास अधिकृत कार्यशाळा पुरणार नाहीत. नाक्यावरचे गॅरेजही सक्षम झाले पाहिजे. त्यातून सोळा टोकांचा एकसारखा जोड आला, तो चालकाच्या आसनापाशी असावा असे ठरले आणि संकेतांकांना सामाईक अर्थ मिळाले. ‘पी-०’ ने सुरू होणारे बहुतेक संकेतांक सर्व कंपन्यांत एकच. ‘पी-१’ चे कंपनीगणिक भिन्न. पी-०१७१ म्हणजे लीन, पी-०१७२ म्हणजे रिच. इंजिनाला सिलिंडरांच्या दोन रांगा असतील तर दुसऱ्या रांगेच्या रिच मिश्रणासाठी पी-०१७५.

नियम केवळ अमेरिकेचा राहिला नाही. युरोपीय संघाने २००१ पासून पेट्रोल मोटारींना तो लागू केला.

संकेतांकाची साधनचिकित्सा

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे ओळखीचा प्रश्न भेटतो : कागद काय म्हणतो, आणि काय घडले? पी-०१७२ हा संकेतांक कोणता भाग बिघडला हे सांगत नाही. संगणकाने पेट्रोल कमी-कमी केले, त्याची मर्यादा संपली, तरीही सेन्सर रिच सांगतो आहे, एवढेच तो नोंदवतो. या दुरुस्तीच्या प्रमाणाला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ट्रिम उणे वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेला की बहुतेक गाड्यांत दोष नोंदला जातो. मर्यादा गाडीप्रमाणे बदलते. एकाच फेरीतील नोंदीवर सहसा दिवा लागत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष आढळावा लागतो. दुजोऱ्याशिवाय नोंद ग्राह्य न मानण्याचा हा नियम इतिहासकाराला परका वाटू नये.

दोषाच्या क्षणी इंजिनाची गती, तापमान, भार आणि ट्रिम काय होते, याची एक नोंदही साठवली जाते. घरी निदान करणाऱ्याने प्रथम ती वाचावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. कूलंटचा सेन्सर पुण्याच्या मे महिन्यात शून्य अंश दाखवीत असेल, तर संगणक इंजिन गारठलेले समजून पेट्रोल वाढवत असतो आणि गुन्हेगार सापडतो. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गळणाऱ्या इंजेक्टरचा संशय बळावतो. इंधनाचा दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरचा पडदा फाटला असेल, तर त्याला जोडलेल्या व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल आढळते. टाकीतील वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळून चुकीचे माप देऊ लागला, तरीही हाच संकेतांक येतो. एअर फिल्टर तुंबला की मिश्रण रिच होते, हे कार्ब्युरेटरच्या काळात खरे होते. हवा मोजून पेट्रोल देणाऱ्या इंजिनाला ते सहसा लागू पडत नाही. तरी रिच म्हटले की पहिला हात फिल्टरवर जातो. जुने ज्ञान असेच टिकून राहते.

याहून बोधप्रद उदाहरण खोट्या साक्षीचे आहे. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भेग पडली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणतो, संगणक पेट्रोल वाढवतो. पडद्यावर पी-०१७१ येतो आणि इंजिन प्रत्यक्षात रिच चालत असते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल तरी तसेच घडते; न जळलेले पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात, पण सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. अशा वेळी पेट्रोलच्या वासावर आणि काळ्या प्लगवर विश्वास ठेवणारा जुना मिस्त्री यंत्रापेक्षा सत्याच्या जवळ असतो. दिवा सतत न पेटता लुकलुकत असेल, तर मात्र तपासाला वेळ नसतो. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी होण्याचा तो इशारा आहे.

वाचक-उपकरणातील ‘पुसा’ हे बटण सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. ते दाबले की दिवा विझतो, साठवलेली नोंद जाते आणि गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. दोष जागच्या जागी राहतो. अमेरिकेतील प्रदूषण-तपासणीत अपूर्ण चाचण्यांवरून ही पुसापुसी उघड होते.

दप्तर लिहिणाराच अप्रामाणिक असेल तर काय होते, हेही दिसून आले आहे. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस बजावली. सुमारे ४ लाख ८२ हजार डिझेल गाड्या, चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ होत होत्या. रस्त्यावर त्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडू शकत होत्या. इशारा देणारा दिवा त्या गाड्यांतही होता.

जोड कोणाचा?

कायद्याने उघडलेला भाग प्रदूषणापुरता होता. ब्रेक, एअरबॅग, दारांची कुलुपे यांचे संगणक त्यात येत नव्हते. गाड्यांतील संगणक वाढत गेले, तसा हा अपवाद मोठा होत गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न मतदारांपुढे आला आणि सुमारे ८६ टक्क्यांनी तो मान्य केला. २०१४ मध्ये उत्पादकांनी त्याच धर्तीवर देशभरासाठी समझोता केला. तोवर गाड्या आपली माहिती बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे पाठवू लागल्या होत्या आणि सोळा टोकांच्या जोडाचे महत्त्वच घटू लागले होते. २०२० मध्ये त्याच राज्यात या बिनतारी माहितीवर पुन्हा मतदान झाले. तेथेही सुमारे तीन-चतुर्थांश मतदार वाहनधारकाच्या बाजूने उभे राहिले, आणि उत्पादक न्यायालयात गेले.

भारतीय संदर्भ

भारतात बदलाची सुरुवात न्यायालयातून झाली. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी युरो मानकांची मुदत अलीकडे आणली. त्यानंतर अल्पावधीतच मोटारींमधून कार्ब्युरेटर हद्दपार होऊन इंजेक्टर आले. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज ४ मानक मुंबई, पुणे, सोलापूर यांसह मोजक्या शहरांत लागू झाले. त्यासोबत ओबीडीची पहिली अवस्था आली, दुसरी एप्रिल २०१३ पासून. हे मानक देशभर लागू होण्यास मात्र १ एप्रिल २०१७ उजाडले. अमेरिकेच्या मानाने हा दोन दशकांचा उशीर म्हणता येईल. त्याचा एक फायदाही झाला. कॅनडातील एका लहान कंपनीने २००० च्या दशकात काढलेल्या ‘ईएलएम ३२७’ या चिपच्या स्वस्त नकला एव्हाना जगभर पसरल्या होत्या आणि काही शे रुपयांत ब्लूटूथ वाचक मिळू लागला होता.

जोड एकसारखा आला. त्यासोबतचा माहितीचा हक्क आला नाही. भारतीय नियमांचा हेतू उत्सर्जनापुरता होता आणि स्वतंत्र गॅरेजांना माहिती देण्याचा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या दारातून पुढे आला. २०११ मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना मिळू न देणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा निर्णय आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिला आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत मोटारींसह शेतीची अवजारेही होती. ट्रॅक्टरवर संसार चालणाऱ्या महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी हा भाग मोटारींपेक्षा अधिक महत्त्वाचा ठरू शकतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानकाने हाच बदल दुचाकींपर्यंत नेला. कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला आणि स्कूटरच्या फलकावरही इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा आला. एप्रिल २०२३ पासून दुचाकींच्या ओबीडीची पुढची अवस्था लागू झाली. दुचाकींचे जोड मोटारींइतके एकसारखे नसल्याने वेगवेगळ्या केबली लागतात. ज्या गॅरेजांकडे त्या नाहीत, तेथील तरुण मिस्त्री काही गाड्यांत जोडाची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडतो, किल्ली फिरवतो आणि दिव्याच्या लांब व आखूड लुकलुकी मोजतो. लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक.